डावी बाही

पॅन्टची चेन बदलायला टाकली होती
सेलूत, स्टेशन रोडला, खलील मास्टरकडं.
एवढंच काम.
पोरानं खालच्या गठ्ठ्यातून कागद ओढला,
पॅन्ट गुंडाळली, सुतळी मारली,
चाळीस रुपये.

घरी येऊन सुतळी सोडली
तर कागद जुन्या मापवहीचा.
कडा वाळवीनं खाल्लेल्या,
मधली शाई मात्र शाबूत.

मुंजा भीशे.
भिसेचा भीशे मास्टरनंच केलेला.
छाती बत्तीस. कंबर सव्वीस.
शर्ट एक, पॅन्ट एक.
डावी बाही पाऊण इंच कमी.
जमा पन्नास, बाकी अकरा.

आतून बायकोनं विचारलं, चेन नीट बसवली का?
म्हटलं, बसवली.
पॅन्ट मी उलगडलीसुद्धा नव्हती.

तेहेतीस वर्षं झाली.
मला वाटायचं, मुंजाजी आपल्याला पाठ आहे:
त्याची दातातली शिट्टी,
चहा बशीत ओतून आधी बशीला फुंकर घालणं,
पेपरात पहिल्यांदा राशिभविष्य, तेही दुसऱ्याचं.
हे सगळं मी लोकांना सांगत आलो,
सांगून सांगून गुळगुळीत झालं.
बाही
मी विसरलो होतो.

सातवीत होतो. जिनिंगमधला सरकीचा ढीग,
भिंतीवर आम्ही दोघं.
मीच म्हटलं, भ्यालास का बे? मार की उडी.
ढीग मऊच होता.
ढिगाखाली तोलकाट्याचा लोखंडी पाट होता
ते कुणाला माहीत.
वालूरच्या एका म्हाताऱ्यानं हात बसवला,
बांबूच्या कामट्या, अंड्याचा बलक, वर धडपा.
जरासा वाकडाच बसला.
घरी त्यानं सांगितलं, सायकलवरून पडलो.
त्याच्याकडं सायकल नव्हती.
माझ्याकडं होती, म्हणून मग माझ्या बापानं
मला मारलं, सायकल दिली म्हणून.
त्यावर आम्ही किती हसलो होतो,
तो गळ्यात हात अडकवून,
मी गाल धरून.

नावावरून चिडवायचो त्याला,
मुंजा, पिंपळावर जा की.
लगीन झालं की उतरतो बे खाली, म्हणायचा.

कपडे वीज मंडळाच्या मुलाखतीचे असणार.
ते घालून तो गेला होता का, मला आठवत नाही.
कावीळ आठवते.
परभणी, तिथून नांदेड,
आणि पॅसेंजरनं एकटाच परत आलेला
त्याचा चुलता, हातात रिकामा थर्मास.
गाडी मागून येत होती.

संध्याकाळी तो कागद घेऊन मास्टरकडं गेलो.
खिशात अकरा रुपये मोजून ठेवले होते.
दुकान आता पोराचं,
म्हातारा कोपऱ्यात, काज करत बसलेला.
चष्मा लावला, नावाला डोळा लागेना.
ये नाम तो याद नहीं बाबा.
मग बोट आकड्यांवरून खाली उतरलं
आणि पाऊण इंचावर थांबलं.
हां. ये बायाँ हाथ.
दुबळा पोरगा. किसी को दिखना नहीं, बोला था मेरे को.
रेडीमेडमध्ये बाही बोटांवर यायची त्याची.
मी कापली तर दोन्ही मनगटं बराबर.
आईन्यासमोर लई वेळ उभा होता.

मला तो आरसा दिसला.
अजून तिथंच होता, एका कोपऱ्यात पारा उडालेला.

अब कैसा है वो?
मास्टरनं विचारलं,
सुई पुन्हा काजात घालत.

बरा आहे, म्हटलं.

कमर बढ़ गई होगी अब.

नाही, म्हटलं, तेवढीच आहे.
सव्वीस.

पोरानं मशीन सुरू केलं, मग बोलणं ऐकू येईना.
घरी आल्यावर खिशात हात गेला,
अकरा रुपये तसेच.